उशाखालचा विळा

माझ्या उशाखाली विळा आला तो दिवस पाचवीचा होता. पोरगी पाच दिवसांची, बाहेर पुण्याजवळच्या रिह्याच्या खोऱ्यात भाताची लावणी जोरात चाललेली. सासूबाईंनी पाटावर सटवाईची पूजा मांडली, आणि पूजा झाल्यावर भात कापायचा विळा धुऊन, पुसून माझ्या गादीखाली उशाच्या बाजूने सरकवला. बाळंतिणीजवळ लोखंड असलं की वाईट वारं फिरकत नाही, अशी रीत. त्यांनी तो फार मायेने ठेवला होता, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी त्यांच्यावर दात खाऊ नये. दात खायचा हक्क माझा आहे, आणि तो मी पुरेपूर वापरलाय.

ही गोष्ट मी पूर्वी कुजबुजत सांगायचे. आता मोठ्याने सांगते. ज्यांना ऐकवत नसेल त्यांनी उठून चहा टाकावा, मलाही अर्धा कप चालेल.

२००५ साल. मी मूळची लातूरची. हिंजवडीच्या एका कंपनीत टेस्टर होते, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये काय काय बिघडू शकतं ते आधीच शोधून काढायचं, हे माझं काम. कंपनीची जी गाडी मला रोज न्यायची, तिच्या ड्रायव्हरशी मी लग्न केलं. हे वाक्य मी असंच सांगते, कारण कसंही घोळवून सांगितलं तरी लोक शेवटी तिथेच येतात. तो रिह्याचा, घरची भातशेती, स्वतःची गाडी कंपनीला लावलेली. वडिलांनी फोनवर एवढंच सांगितलं, की तू आम्हाला मेलीस. आईला तर फोनपाशी येऊच दिलं नाही. त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आमच्याकडे मोडली. ती माझ्यामुळे मोडली, हे बघायला येणाऱ्या प्रत्येक बाईने मला डिंकाच्या लाडवाबरोबर वाढलं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. नवऱ्याला गाडीत 'तू' आणि घरात 'अहो'. एवढी सगळी माणसं सांभाळून बोलायला शिकले होते. जे बोलायचं होतं ते मात्र बोलता येईना.

लावणीच्या दिवसांत आमच्याकडे घरात माणूस सापडत नाही. सगळे खाचरात, गुडघाभर चिखलात. आत्या सकाळी भाकऱ्या थापून जायच्या, दुपारी येऊन माझं बघायच्या, की परत शेतात. मी आणि पोरगी, खाटेखाली शेगडी, दोरीवर न वाळणारी दुपटी, आणि पावसामुळे दिवसाही अंधारलेली खोली. नवव्या दिवशी दुपारी ती माझ्या कुशीत झोपली होती. मी उशी सारखी करायला हात घातला आणि बोटांना पातं लागलं. त्याच क्षणी डोळ्यांसमोर एक चित्र आलं. विळा, आणि तिची मान. एवढंच. मी पोरीला खाटेच्या मधोमध ठेवलं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. दोन्ही हात पाठीमागे धरले होते. आत्या येईपर्यंत मी तशीच उभी होते.

दुसऱ्या दिवशी परत. मग दिवसातून किती वेळा, ते मोजणं मी सोडून दिलं. दुसऱ्या कुणी मला विचारलं असतं, की तुला लेकीचं काही बरंवाईट करायचंय का, तर मी त्याचं थोबाड फोडलं असतं. पण विचारणारी मीच होते. काय काय बिघडू शकतं ते शोधायची सवय होती ना, ती घरी आली आणि माझ्याच हातांच्या मागे लागली.

मी विळा तांदळाच्या कणगीत खोल खुपसला. संध्याकाळी आत्या तांदूळ काढायला गेल्या आणि विळा परत उशाखाली आला. मग लाकडांच्या ढिगात. मग गोठ्यात, वैरणीखाली. प्रत्येक वेळी तो परत येई. घरात दुसरी कुठली वस्तू हरवली तर वर्षभर सापडत नसे, हा मात्र दिवसात सापडायचा.

"आत्या, आज दुपारी बसा ना जरा माझ्यापाशी," मी एकदा म्हटलं.

"आन लावणी कोन करंल, तुजा बाप?" त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता, इकडे असंच बोलतात. मला मात्र ते थेट लातूरपर्यंत जाऊन लागलं.

पोरगी रडली तर मी तिला घेत नव्हते. कुणी खोलीत आलं की मग पाजायला घ्यायचे, तेही भिंतीकडे बघत. ती झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचे, पाच मिनिटांनी परत बघायचे. ती झोपली तरी मला झोप नाही. अन्नाला चव नाही. ती हसल्यासारखं करायची, घरातले लोक हरखून जायचे, आणि मला काही म्हणजे काहीच वाटायचं नाही, फक्त भीती. जिथे बाळंत झाले त्या दवाखान्यात दाखवलं, तर तिथे म्हणाले अशक्तपणा आहे. लोहाच्या गोळ्या दिल्या. म्हणजे परत लोखंडच.

शेजारपाजारच्या बायकांना मात्र रोग बरोब्बर सापडला. "इळा का लपवती ती?" एकीने आत्यांना विचारलं. मी आतून ऐकत होते. "तिला लोखंड सोसंना झालंय. म्हंजी तिला न्हाई, तिच्यात जे शिरलंय त्याला."

झालं. मी विळ्याला जितकी घाबरणार तितकं माझ्यात भूत पक्कं. आणि भूत पक्कं म्हणजे लोखंड वाढवायला पाहिजे. विळ्याच्या जोडीला अडकित्ता आला. दाराच्या चौकटीत मोठा खिळा ठोकला. पायथ्याशी नांगराचा जुना फाळ येऊन पडला. आठवड्याभरात माझं अंथरूण म्हणजे लोहाराचं दुकान झालं, आणि त्या दुकानात मी चोवीस तास बसून होते. आता हसू येतं. तेव्हा मी तोंडात पदर कोंबून रडायचे.

मी बोलले का नाही? कारण एकच. बोलले तर पोरगी माझ्याकडून काढून घेतील. वेडी ठरवतील, लातूरला पाठवतील, आणि लातूरचं दार तर आधीच बंद. गंमत बघा, जिला हात लावायला मी घाबरत होते तिच्यावाचून एक दिवस काढायची कल्पना मला सहन होत नव्हती. आणि बाहेर ओटीवर बसून बायका म्हणत होत्या, हिला लेकराची माया न्हाई.

पोरीला आणि मला न्हाऊ घालायला वरच्या वाडीतून एक मावशी यायच्या. डोंगरातली वाडी, तिथून भर पावसात इरलं घेऊन उतरायच्या. पाय लांब सोडून त्यावर पोरीला पालथी घालून अशा चोळायच्या की पोरगी डोंगर डोक्यावर घ्यायची. मी दारात उभी राहून विचारत राहायचे, पाणी फार गरम नाही ना, कानात गेलं का, मान नीट धरलीय ना. बाविसाव्या की तेविसाव्या दिवशी माझी पाठ चोळताना त्या म्हणाल्या, "पोरी, तू लेकराकडं बघती, आन मंग सोताच्या हाताकडं बघती. काय केलंस हातानं?"

"काही नाही."

"मंग काय करशील म्हून भ्या वाटतंय?"

मला असं रडू फुटलं की नाकातोंडातून पाणी. सगळं सांगितलं, विळ्याचं, मानेचं, कणगीचं. त्यांचे हात एकदाही थांबले नाहीत. "लई जनींच्या पाठी चोळल्यात मी," त्या म्हणाल्या. "तोंडानं कोन सांगत न्हाई. इळा तूच लपवतीस न्हवं? मंग झालं तर."

तेवढ्या एका वाक्याने मी त्या दुपारी तासभर झोपले. उठल्यावर मावशींचा हात धरून शपथ घातली, कुणाला सांगू नका. त्या म्हणाल्या, न्हाई सांगत. पण मावशींच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. सांगितलं त्यांनी चांगल्यासाठीच, की हिला एकटीला सोडू नका, कुणीतरी जवळ बसा. आत्यांना त्यातलं ऐकू आलं एवढंच, की ही पोरीला मारायचा विचार करते.

त्या संध्याकाळी आत्यांनी पोरीला दुपट्यासकट उचललं आणि आपल्या खोलीत नेलं. "दूद पाजायपुरती आनंन," म्हणाल्या. रविवारी भगताला बोलवायचं ठरलं. माझा नवरा, भल्याभल्या वळणांवर गाडी रिव्हर्समध्ये काढणारा माणूस, आईसमोर मान खाली घालून बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने बघितलं नाही.

तीन दिवस. तीन दिवस मी भिंतीपलीकडून तिचं रडणं ऐकलं. माझ्या अंगावरचं दूध वाहून पोलकं भिजायचं, तेव्हा त्या तिला घेऊन यायच्या, मी पाजत असताना समोर बसायच्या, पापणी न लववता, आणि परत घेऊन जायच्या. ज्याला मी भीत होते ते घडलंच होतं. आता आणखी काय व्हायचं राहिलं होतं? तिसऱ्या दिवशी मला राग आला. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच भीती सोडून दुसरं काहीतरी वाटलं. मावशींचा राग, आत्यांचा राग, खाली मान घालणाऱ्याचा राग, लातूरच्या बंद दाराचा राग. त्या रागाने मी उठून केस विंचरले.

रविवारी सकाळी ओटीवर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. भगत वयस्कर होते, चेहऱ्याने शांत. माझ्याकडे बराच वेळ बघून ते म्हणाले, "हिच्या हातात लोखंड द्या. सोसतंय का बगू."

आत्यांनी विळा आणला. पोरगी त्यांच्या दुसऱ्या हातावर होती. मी विळा घेतला. सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"बघा, धरलाय," मी म्हणाले. "कुणी पळालं का माझ्यातून? मला ह्याची भीती वाटते, कारण हा तुम्ही माझ्या लेकीच्या मानेपाशी आणून ठेवलाय, आणि माझ्या डोक्यात घाणेरडी चित्रं येतात. येतात! ऐका सगळ्यांनी. मी बोलावत नाही, तरी येतात. हा विळा मी कणगीत लपवला, लाकडांत लपवला, गोठ्यात लपवला. जिच्या मनात पाप असतं ती विळा लपवेल का त्याला धार लावेल? मी आजारी आहे. बाळंतिणीचं अंग दुखतं तसं मन पण दुखू शकतं. मला डॉक्टर पाहिजे. आणि माझी पोरगी पाहिजे, आत्ताच्या आत्ता."

एक म्हातारी "अगं बाई बाई" म्हणत राहिली. भगतांनी माझ्याकडे बघितलं, मग विळ्याकडे, आणि आपली पिशवी बांधायला घेतली. "हिला डागदरकडं न्या," ते म्हणाले. "हे माजं काम न्हाई." त्या माणसाचे उपकार मी आजही मानते. दवाखान्याला जे कळलं नाही ते त्यांना कळलं, निदान आपलं काम कुठे संपतं तेवढं तरी.

मग माझा नवरा उठला. त्याने आईच्या हातावरून पोरीला घेतलं. बायका ओरडल्या, "आरं, इळा हाय तिच्या हातात!" तो माझ्यासमोर आला. एका हाताने त्याने माझ्या हातातला विळा घेतला आणि दुसऱ्या हाताने पोरगी माझ्या खांद्यावर दिली. पहिल्यांदा पोरगी, मग विळा, असं झालं असावं, मला नीट आठवत नाही. तिचं डोकं माझ्या मानेत आलं, ते आठवतं. तीन दिवसांत ती जड झाली होती.

त्याने मला नंतर सांगितलं, की त्याला हे माहीत होतं. म्हणजे नाव माहीत नव्हतं. गाडीत मागे बसलेल्या बायकांना वाटतं ड्रायव्हरला कान नसतात. वर्षभरापूर्वी एक इंजिनीअर बाई हिंजवडीपासून पुण्यापर्यंत फोनवर बोलत होती, बाळ झाल्यावर मी फार आजारी होते, मनाच्या डॉक्टरकडे गेले, आता बरी आहे. त्याने ऐकलं आणि सोडून दिलं. मला असं होईल हे त्याच्या मनातही आलं नाही. सोमवारी तो त्या बाईच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, मॅडम, चोरून ऐकलं त्याबद्दल माफ करा, पण त्या डॉक्टरचा पत्ता द्या. ह्यासाठी मी त्याला खाली घातलेली मान माफ केली. सगळी नाही, बरीचशी.

पुण्यातल्या त्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "काय काय विचार येतात? सगळ्यात वाईट जो असेल तो आधी सांगा." मी सांगितला. त्यांनी खुर्ची मागे सरकवली नाही. पोरीला माझ्या मांडीवरून कुणाला उचलायला सांगितलं नाही. म्हणाल्या, हा आजार आहे, उदासी आणि भीती हातात हात घालून येतात, बऱ्याच आयांना येतात आणि त्या लाजेने सांगत नाहीत. विचार येतो म्हणून इतक्या घाबरता, ते तुम्हाला तसं करायचं नाही म्हणूनच. पाजत असतानाही चालतील अशी औषधं देते, दर आठवड्याला या, आणि विचार बदलले, ते खरेच वाटायला लागले, तर त्याच दिवशी या, वार बघू नका. मग आत्यांना आत बोलावलं. हिला एकटी ठेवू नका आणि पोरगी हिच्यापासून तोडू नका, दोन्ही एकदम, असं समजावलं.

"आमच्या येळी न्हवतं आसलं कायबी," आत्या म्हणाल्या.

"आई, तुमच्या वेळी तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" बाई म्हणाल्या.

आत्या घरी परत येताना पार पिरंगुट गाव येईपर्यंत गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. मी समजले, राग आलाय.

गोळ्या घेतल्या आणि उजाडलं, असं काही झालं नाही. दोन आठवडे तर काहीच फरक नव्हता, मी डॉक्टरीणबाईंवरही चिडले. पण पुण्याहून घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आत्यांनी फाळ, अडकित्ता, सगळं उचललं. विळा मात्र त्यांच्याने टाकवेना. शेवटी त्यांनी तो दाराबाहेर, वळचणीला खोचला. "वारं भायेरनंच येतंय न्हवं? तितंच आडंल," म्हणाल्या. आणि त्या दिवसापासून दुपारी शेतात गेल्या नाहीत. सुपात तांदूळ घेऊन खोलीत बसायच्या, निवडलेलेच परत निवडायच्या. लावणीला माणसं कमी पडली म्हणून गावाने बोल लावला, तोही ऐकून घेतला. मावशींशी मी महिनाभर बोलले नाही, पाठ मात्र त्यांच्याकडूनच चोळून घेतली.

दिवाळी झाली, भात निघालं, आणि एका सकाळी मावशी आल्या नाहीत. मी पाणी काढलं, हात घालून बघितलं, एकदाच, आणि पोरीला स्वतः न्हाऊ घातलं. मधेच ते चित्र आलं. मी म्हटलं, आलंस? बस. मला काम आहे.

मग पाच वर्षं गेली. धाकट्या जावेचं दुसरं बाळंतपण आमच्याच घरात झालं, पहिलं तिच्या माहेरी झालं होतं. पाचवीच्या दिवशी परत ओटीवर बायका, परत सटवाईचा पाट, माझी पाच वर्षांची पोरगी नैवेद्याभोवती घिरट्या घालतेय. आत्या विळा धुऊन घेऊन खोलीत आल्या. मी शेगडीपाशी होते. आज भांडायचं, असं ठरवूनच बसले होते, वाक्यंही जुळवून ठेवली होती.

आत्या जावेच्या खाटेवर टेकल्या. विळा त्यांच्या मांडीवर. म्हणाल्या, "पोरी, काय काय इचार येत्यात गं तुला? वंगाळ काय येत असंल तर ते आदी सांग."

दारातली एक चुलतसासू उसळली, "सटवाईच्या दिवशी काय आभद्र इचारतीस!"

"इचारनार," आत्या म्हणाल्या. मान वळवली नाही, आवाजही चढवला नाही. "मला कुनी इचारलं न्हवतं."

मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. पिरंगुटपर्यंत खिडकीबाहेर बघणारी ती बाई मला पाच वर्षांनी समजली. जाऊ माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली, आणि ती बोलायला लागली, "आत्या, पहिल्या वेळी तर मी..." आणि तिने पदर तोंडाला लावला.

आत्यांनी एक हात तिच्या डोक्यावर ठेवला. दुसऱ्या हाताने, मागे न बघताच, विळा माझ्याकडे केला.

"ह्यो भायेर खोच," म्हणाल्या. "आन येताना दार लावू नगस. ऐकू दे सगळ्यास्नी."